छतामागच्या तुळया

गाडी चालवायला शिकवून मास्तरांची हयात गेली. शिकणाऱ्याच्या पायाआधी स्वतःचा पाय ब्रेकवर ठेवणारा हा माणूस निवृत्त झाल्यावर जळकं घर विकत घेईल, असं कुणाच्या स्वप्नातही नव्हतं. पण घर निम्म्या किमतीत मिळत होतं. आग वरच्या खोलीत लागली होती, माणसं वेळेवर बाहेर पडली होती. डागडुजी करायची, भाड्याने द्यायचं आणि म्हातारपणी कुणापुढे हात पसरायचा नाही, एवढाच त्यांचा हिशोब.

तीन महिने ते काजळी खरवडत होते. संध्याकाळी नाक शिंकरलं की रुमाल काळा व्हायचा. बायको म्हणायची, हे घर तुम्हाला आतून रंगवतंय.

सुतार जुना, कमी बोलणारा. त्याने वरच्या तिन्ही तुळया हातोडीने वाजवून पाहिल्या आणि बदला म्हणून सांगितलं. मास्तरांनी विचारलं, तशाच ठेवल्या तर?

"उभ्या राहतील," सुतार म्हणाला. "किती दिवस, ते मी सांगणार नाही."

तुळया बदलायच्या म्हणजे अख्खं छप्पर उतरवणं आलं. पैसा तर संपत आलेला. मास्तरांनी दुसरा माणूस बोलावून खालून पांढऱ्या फळ्यांचं छत ठोकून घेतलं. वर रंग मारला. खोली अशी उजळली, की आपण काही झाकलंय हे खुद्द मास्तरही चार दिवस विसरले.

पाचव्या दिवशी धाकटी बहीण आली. तिच्या घरमालकाने महिन्याभरात जागा रिकामी करायला सांगितली होती. दोन मुलं, एकटीचा पगार. तिने नवं घर खालपासून वरपर्यंत पाहिलं. वरच्या खोलीत मुलांचे पलंग कुठे लावायचे तेही ठरवलं. भाडं इतरांइतकंच देईन दादा, म्हणाली.

मास्तरांच्या तोंडून निघून गेलं, की घर आधीच एकाला कबूल केलंय.

ती बरं म्हणाली आणि चपला घालून गेली.

बायकोने घरी खोदून खोदून विचारलं, तेव्हा त्यांना खरं सांगावं लागलं. ती भाजी चिरायची थांबली.

"म्हणजे परक्याच्या लेकरांवर पडलं तर चालेल?"

"पडेलच असं नाही."

"मग तिला का नाही दिलं?"

सकाळी मास्तर पेचकस घेऊन एकटेच गेले. शिडी लावून छताच्या दोन फळ्या उचकटल्या. पहिल्या तुळईत पेचकसाचं टोकही शिरलं नाही. दुसरीत जेमतेम बोटभर. तिसरीत तो मुठीपर्यंत गेला, लोण्यात जावा तसा. मास्तर शिडीवरून उतरले.

त्याच दिवशी त्यांनी सुताराला परत बोलावलं. त्याने टोमणा मारला नाही, फक्त या खेपेला निम्मे पैसे आधी मागून घेतले. मास्तरांनी गाडी विकली.

मग ते बहिणीकडे गेले आणि सगळं सांगितलं. तुळया बदलल्या की घर तुझं, म्हणाले. तिने छापखान्यावरची एक अंधारी खोली घेऊन टाकली होती, अनामतही भरली होती.

"दादा, मी घर मागितलं नसतं तर तुळया बदलल्या असत्या?"

तिने चहा दिला. तो पिऊन मास्तर निघाले.

दीड महिन्यानंतर एक परिचारिका आईला घेऊन राहायला आली. तिने न विचारताच मास्तरांनी तिला वरच्या खोलीत नेलं आणि कुठली तुळई कधी बसवली ते सांगितलं. तिला ते जरा विचित्रच वाटलं असावं.

बहिणीची मुलं सुट्टीच्या दिवशी मामाकडे येतात, जेवतात, हुंदडतात. बहीण त्यांना कोपऱ्यापर्यंत सोडते आणि तिथूनच परत फिरते.