यमुनेचं उत्तर

"फॉल लावायचाय की पिको?" मंजुळानं विचारलं.

काउंटरपलीकडच्या बाईनं साडी पुढं सरकवली, पण तिच्यावरचा हात काही काढला नाही. पासष्टीच्या आसपासची असावी. उन्हातून चालत आल्यानं चेहरा लाल झाला होता.

"फॉल," ती म्हणाली आणि लगेच मान हलवली. "नाय. म्हंजे फॉल लावा, पन मी त्याच्यासाटी नाय आली."

तेवढ्यात शेजारच्या चाळीतली एक मुलगी आली. "आंटी, मेरा पिको हो गया?" मंजुळानं तिची साडी काढून दिली. मुलगी जाईपर्यंत ती बाई भिंतीकडे बघत उभी राहिली. मग काउंटरवर वाकून तिनं हळूच विचारलं, "नाटकातल्या मंजुळाबाई त्या तुमीच ना?"

बोईसरच्या नवापूर रोडवरच्या या गाळ्यात मंजुळा अठरा वर्षं बसत होती. इथं ती पिकोवाली आंटी होती. नाटकातल्या मंजुळाबाई म्हणून तिला इथं कधीच कुणी हाक मारली नव्हती.

"होते," ती म्हणाली. "तुम्ही?"

"मी चिंचणीची. सुलू. विश्राम चुरींची बायको."

मंजुळाचा पाय मशिनच्या पायट्यावर होता. तो तसाच राहिला.

"बसा वहिनी," ती म्हणाली. "कसे आहेत विश्रामभाऊ?"

सुलू स्टुलावर बसली. दिवाळीनंतर त्यांना लकवा मारला होता. उजवा हात गेला, पाय अर्धा गेला आणि बोलणं गेलं. "सगला समजतंय त्यांना. मानसं वलकतात. पन बोलाय गेले का निसता आवाज येतो. पानी मागाय येत नाय. माजं नाव घ्याय येत नाय." ती थांबली. "पन नाटकातलं बोलतात. अगदी तोंडपाट."

"काय बोलतात?"

"सांज झाली का मला बोलतात, दार उघडं कसं ठेवलंस? मला वाटला वारा लागतो. मी दार लावलं. तर डोकं हालवतात. परत तेच. मंग मी खिडकी लावली, मागचं दार लावलं, कडी घातली. तर रडाय लागले. लोक बोलतात, भ्रम झाला. शेवटी आमची जागृती बोलली, आई, हा बाबांच्या नाटकातला हाय."

"तुम्ही ते लावून गेलाच नव्हता," मंजुळा म्हणाली.

"काय?"

"उत्तर आहे ते. यमुनेचं."

सुलूनं मान डोलावली. "हां. तेच. तेच मला पायजेल. डॉक्टर बोलला, पाठ केलेला डोक्यात दुसरीकडं र्‍हातो, तेवढा बोलू द्या, तुमीपन साथ द्या. पन मला काय ठावं पुडं काय हाय? नामदेव मास्तर गेले. त्यांनी लिवलेली वही शाळेच्या कपाटात वालवीनं खाल्ली. यमुना तर तुमीच. तुमच्या गावाला इचारून पत्ता काडला."

मंजुळा सफाळ्याची. अठराव्या वर्षी ती मुंबईच्या एका नाटक कंपनीत लागली. मोलकरीण, शेजारीण, नायिकेची मैत्रीण अशी कामं करत सहा वर्षं गेली. मग कंपनी बुडाली आणि ती गावोगावच्या हौशी मंडळांच्या नाटकांत काम करू लागली. त्या काळी गावातल्या बायका रंगमंचावर येत नसत. पुरुष नट गावातलेच असायचे, नटी बाहेरून यायची. केळवे, डहाणू, दातिवरे, वसई, वर उंबरगावपर्यंत ती गेली. आधी टपालानं नक्कल यायची, म्हणजे तिच्या भूमिकेची तेवढीच वाक्यं उतरवलेली वही. नाटकाच्या दिवशी दुपारी एस्टीतून उतरायचं, अनोळखी माणसाला एकदा निरखून घ्यायचं आणि संध्याकाळी त्याची बायको व्हायचं. कुणी पोस्टमन असायचा, कुणी वाडीवाला, कुणी बोटीवरचा तांडेल. जाहिरातीच्या कागदावर तिचं नाव सगळ्यांत मोठ्या अक्षरांत असे: सिनेनाट्यतारका कुमारी मंजुळा. सिनेमात ती एकदाच दिसली होती, लग्नाच्या गर्दीत, तेही पाठमोरी.

लग्न तिनं केलं नाही. दोनशेवर माणसांची बायको झाल्यावर खर्‍या संसारासाठी ताकद उरत नाही, असं ती विचारणार्‍याला हसून सांगायची. खरं कारण चिंचणीला होतं आणि ते तिनं कुणालाच सांगितलं नव्हतं.

विश्राम चुरी तारापूरच्या एका रंगाच्या कारखान्यात ऑपरेटर होता. तालमीसाठी पाळ्या बदलून घ्यायचा. बोटं कधी निळी असायची, कधी पिवळी. नामदेव मास्तरांनी लिहिलेल्या नाटकात तो बारा वर्षांनी बोटीवरून परतलेला दत्ताराम व्हायचा आणि ती यमुना. चिंचणीकरांना ते नाटक इतकं आवडलं की हनुमान जयंतीला आठ वर्षं तेच झालं. बाकीची हौशी माणसं वाक्य टाकताना प्रेक्षकांत बसलेल्या भावकीकडे बघत. विश्राम तिच्याकडे बघायचा. तिला उत्तर द्यायला जेवढा वेळ लागेल तेवढा थांबायचा. मोठमोठ्या नटांनीही तिच्यासाठी तेवढं केलं नव्हतं.

आठ वर्षांतल्या आठ संध्याकाळी. शेवटच्या वर्षी तो तिला सोडायला बोईसर स्टेशनपर्यंत आला. दोघांनी उभ्यानं चहा घेतला. "पुढल्या साली पन हाच करू," तो म्हणाला. पुढल्या साली मंडळानं ऑर्केस्ट्रा आणला. तरीही पुढची तीन वर्षं मंजुळानं हनुमान जयंतीला दुसरं नाटक घेतलं नाही.

"तुम्ही पाहिलं असेल ना नाटक, वहिनी?" तिनं विचारलं.

"एकदाच आलती. तिसर्‍या साली. पोर कडेवर होती. त्यांनी तुमचा हात धरला आन् मी उठून घरी गेली." सुलू सरळ तिच्याकडे बघत बोलली. "मंग कदी नाय आली. आता वाटतंय, शेवटापतूर बसाय पायजे होतं."

मंजुळानं बिलबुकाच्या पाठकोर्‍या कागदावर वाक्यं लिहायला घेतली. चार ओळींनंतर ती अडली. तिला वाक्यं सुटी आठवतच नव्हती. समोरून त्याचं वाक्य आलं की आपलं यायचं. ती तसं म्हणाली.

"मंग चला," सुलू म्हणाली. "उद्या या. त्यांच्यासमोरच सांगा."

दुसर्‍या दिवशी मंजुळानं गाळा उघडला नाही. कपाटातून जांभळी रेशमी साडी काढली, नेसली, आरशासमोर उभी राहिली. मग ती सोडून रोजची सुती नेसली. शेअर रिक्षात कोपर्‍यात बसून ती ओठांतल्या ओठांत पहिला प्रवेश म्हणत होती. कारखान्यांचा वास मागं पडला, चिकूच्या वाड्या लागल्या, तेव्हा तिच्या लक्षात आलं की आपल्याला घाम फुटलाय. पहिल्या प्रवेशाआधी फुटायचा तसा.

विश्राम ओटीवर खुर्चीत बसला होता. केस पूर्ण पांढरे. उजवा हात मांडीवर ठेवून दिल्यासारखा. बोटांवर आता कुठलाच रंग नव्हता. तिला पाहून त्याचा चेहरा एका बाजूनं हसला. तो काहीतरी बोलायला गेला. नुसता घोगरा आवाज आला. त्यानं डोळे मिटले, श्वास घेतला आणि खणखणीत म्हणाला, "यमुने, दार उघडं कसं ठेवलंस?"

मंजुळा पायरीवरच होती. पिशवी हातात होती.

"तुम्ही ते लावून गेलाच नव्हता," ती म्हणाली. आवाज तीस वर्षांपूर्वीचा आला. तिलाच नवल वाटलं.

"घरात शिरू का?"

"परक्यासारखं विचारता?"

वाक्यामागून वाक्य येत गेलं. बोलता बोलताच ती ओटीवर चढून त्याच्यासमोरच्या खुर्चीत बसली. तो तसाच थांबत होता, तेवढाच, तिच्यासाठी. मास्तरांची भाषा पुस्तकी होती, पण त्याच्या तोंडी ती कधीच पुस्तकी वाटली नव्हती, आजही वाटली नाही. शेजारच्या दोन बायका कुंपणाशी येऊन थांबल्या. स्वयंपाकघराच्या दारात सुलू हातात कालथा घेऊन उभी होती. मंजुळाला वाटलं, हे आता संपू नये. ऑर्केस्ट्रा नाही, स्टेशनवरचा चहा नाही, पिकोचं मशिन नाही. फक्त पुढचं वाक्य.

"बारा वर्षं झाली, यमुने. मी तुला काय दिलं?"

मंजुळानं तोंड उघडलं. पण विश्राम तिच्याकडे बघत नव्हता. मान मोठ्या कष्टानं वळवून तो स्वयंपाकघराच्या दाराकडे बघत होता.

"मी तुला काय दिलं?" तो पुन्हा म्हणाला. सुलूला.

सुलूनं घाबरून मंजुळाकडे पाहिलं. "काय बोलू आता? मला सांगा ना."

मंजुळाला आता कळलं. हा माणूस चार महिने रोज संध्याकाळी नाटक करत नव्हता. त्याच्याकडे एवढेच शब्द उरले होते आणि त्यांतूनच तो बायकोशी बोलत होता. आपल्याला बघून तो हसला होता, जुन्या ओळखीचं माणूस भेटल्यावर हसावं तसा. आनंदानं, पण तेवढंच.

ती उठली. सुलूच्या हातातला कालथा काढून घेतला आणि तिला धरून आपल्या जागी, त्याच्यासमोर बसवलं. स्वतः दाराआड जाऊन उभी राहिली, विश्रामला दिसणार नाही अशी.

"वहिनी, घाबरू नका," ती कुजबुजली. "मी सांगते तसं म्हणा. त्यांच्याकडे बघून. वाट दिलीत. तीच पाहत बसले."

"वाट दिलीत," सुलू म्हणाली. घसा साफ करून तिनं पुन्हा सुरुवात केली. "वाट दिलीत. तीच बगत बसली."

विश्रामचे डोळे भरून आले. या वेळी त्यानं डोकं हलवलं नाही.

"रागावली नाहीस?"

"रागवायला माणूस समोर लागतं," मंजुळा दाराआडून म्हणाली.

"रागवाय मानूस समोर लागतो," सुलू म्हणाली आणि एकदम तिच्या आवाजात काहीतरी आलं, जे मंजुळानं सांगितलं नव्हतं. "कारखान्याच्या पाल्या, तालमी, मंडल... कदी व्हतात तुमी समोर?"

हे नाटकात नव्हतं. विश्राम खूप वेळ बायकोकडे बघत राहिला. मग नाटकातलंच, पण दोन पानं सोडून पुढचं, शेवटच्या प्रवेशातलं वाक्य त्यानं उचललं. "आता कुठं जाणार नाही. माझी बोट लागली, यमुने."

इथं यमुनेला वाक्य नव्हतं. मंजुळा आठही वर्षं या जागी त्याचा हात सोडवून प्रेक्षकांकडे तोंड करायची, पदर डोळ्यांना लावायची आणि पडदा पडायचा. टाळ्या व्हायच्या. सांगण्यासारखं आता काही उरलं नव्हतं, म्हणून ती गप्प राहिली आणि फटीतून बघू लागली.

सुलू पुढच्या वाक्याची वाट बघत क्षणभर बसली. दाराआडून काही येत नाही हे पाहून तिनं खुर्ची पुढं ओढली. विश्रामच्या ओठांच्या कोपर्‍यातून लाळ ओघळत होती. तिनं ती पदरानं पुसली, पदराचं तेच टोक उलटून त्याचे डोळे पुसले, आणि त्याचा लुळा हात उचलून आपल्या मांडीवर घेतला.

मंजुळा बघत राहिली. आठ वर्षांत तिला हे एकदाही सुचलं नव्हतं.

चुलीवर भाजी लागल्याचा वास आला. ती दबक्या पावलांनी आत गेली, भाजी उतरवली आणि मागच्या दारानं वाडीत उतरली.