सहा टिंबांची आमदार

लेम्पीच्या साउनाच्या, म्हणजे लाकडं पेटवून तापवायच्या वाफेच्या न्हाणीघराच्या, बाहेरच्या खोलीत, कपडे टांगायच्या खुंट्यांखाली, एक जुनी फळी ठोकलेली आहे. तिच्यावर सुताराच्या पेन्सिलीने आकडे लिहिलेत. पहिल्या ओळीत लेम्पी हरली, २१२ मतांनी. दुसऱ्या ओळीत जिंकली, ६१ मतांनी. मग १,१०४. मग ८८०, कारण त्या वर्षी तिने शिकाऱ्यांशी पंगा घेतला होता. मग २,३१७. वर्तमानपत्रवाले आले की ती त्यांना पुढच्या खोलीत बसवून कॉफी पाजते, पण ही फळी काही दाखवत नाही. ती साउनाला येणाऱ्यालाच दिसते. कपडे काढून बसलेल्या माणसाला थापा मारता येत नाहीत, असं तिचं म्हणणं.

मी आर्व्हो, तिचा शेजारी. एकतीस वर्षं मी या भागात टपाल वाटलं. सुपीरियर सरोवराच्या काठचा हा मुलूख, खाणी कधीच्याच बंद पडल्या, राजधानी गाडीने नऊ तासांवर. तिकडच्या लोकांना वाटतं, आमच्याकडे फक्त बर्फ आणि हेकट माणसं पिकतात. आता वाटू दे, खोटं थोडंच आहे.

आमदार होण्याआधी लेम्पी वीस वर्षं शाळेची बस चालवायची. त्यामुळे तिच्या निम्म्या मतदारांनी लहानपणी तिच्या शिव्या खाल्लेल्या आहेत. विधानसभेत आठ वर्षं काढली तरी तिचा आवाज तोच राहिला, मागच्या बाकावरच्या पोरालाही ऐकू जाईल असा. गेल्या हिवाळ्यात तिच्याच पक्षाने आमच्याकडच्या चार लहान शाळा बंद करायचं विधेयक आणलं. म्हणजे सहा वर्षांच्या पोरांनी रोज जाताना दीड तास आणि येताना दीड तास बसमध्ये बसायचं, तेही बर्फात. पक्षाच्या पुढाऱ्यांनी तिला बोलावून सांगितलं की हात वर कर, नाहीतर आम्ही आहोत आणि तू आहेस. लेम्पीने भर सभागृहात विचारलं की इथे बसलेल्यांपैकी बर्फात बस कुणी चालवलीय. कुणीच नाही. विधेयक एका मताने पडलं, आणि ते एक मत तिचं होतं.

पुढारी असं विसरत नाहीत. त्यांनी तिच्याविरुद्ध कॉलिन ट्रेगिअरला उभा केला. त्याचं गाड्यांचं दुकान आहे. त्याचा पणजोबा खाणीत मुकादम होता आणि लेम्पीचा आजा त्याच्या हाताखाली दगड फोडायचा, एवढी जुनी ओळख. ट्रेगिअर निवडून आला तर जानेवारीत ते विधेयक परत येणार आणि पास होणार, हे शेंबडं पोरही सांगत होतं. शेंबड्या पोरांनाच ते जास्त कळत होतं म्हणा.

पण निवडणूक लढवण्यापेक्षा सोपा रस्ता त्यांना सापडला. लेम्पीचं कागदोपत्री नाव एल्मा लेम्पी यास्केलाइनेन. एल्मा तिला कुणी म्हणत नाही, तिच्या आईनेही कधी म्हटलं नसेल. पाचही निवडणुकांच्या अर्जावर तिने नुसतं लेम्पी लिहिलं आणि कुणाचं काही अडलं नाही. या खेपेला प्रेस्कॉट नावाच्या वकिलाने राजधानीहून हरकत घेतली की अर्जावरचं नाव कायदेशीर नाव नाही. त्या हरकतीची नोटीस मीच तिला नेऊन दिली. माझ्या नोकरीचा शेवटचा आठवडा होता. पाकिटावरचं नाव वाचून मला हसू आलं होतं. लेम्पीने माझ्या गाडीच्या बॉनेटवर कागद ठेवून पोच म्हणून सही केली, आणि पंधरा दिवसांत तिचं नाव मतपत्रिकेवरून उडालं.

मला वाटलं, आता रडेल. त्या दिवशी मी तिच्या ओट्यावर गेलो तर ती लाकडं फोडत होती.

"छापू नका म्हणावं," ती म्हणाली. "माझी माणसं लिहितील."

आमच्याकडे मतपत्रिकेवर छापील नावांच्या खाली एक रिकामी ओळ असते. छापलेलं कुणी नको असेल तर त्या ओळीवर आपल्या माणसाचं नाव स्वतःच्या हाताने लिहायचं. कुणी एखादा कधी गंमत म्हणून कुत्र्याचं नाव लिहितो. पण आमदारकीची निवडणूक त्या ओळीवर लढवायची, आणि तीही यास्केलाइनेन या आडनावावर! लिहायचं जे, म्हणायचं वाय. मध्ये तीन ठिकाणी ए, आणि फिनलंडच्या पद्धतीने प्रत्येक ए वर दोन टिंबं. एकूण सहा. खाणीत कामाला म्हणून फिनलंडहून इथे आलेल्यांची नातवंडंसुद्धा आता टिंबांच्या भानगडीत पडत नाहीत.

इथे मी शहाणपणा केला. रिकाम्या ओळीवर लढायचं तर आधी सरकारकडे तसं लिहून द्यावं लागतं. मी निवृत्त झालो होतो, तिच्या प्रचाराचं काम अंगावर घेतलं होतं, आणि नावावरून एकदा तोंडघशी पडलेलो असल्याने ताकही फुंकून पीत होतो. तिचा जन्मदाखला समोर ठेवून मी तिला एकेक अक्षर उतरवायला लावलं.

"अरे, मी टिंबं कधी देत नाही," ती म्हणाली.

"आता दे. सहाच्या सहा."

तिने दिली. अतिशहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात ते उगीच नाही.

सगळा उन्हाळा आणि सगळी पानगळ आम्ही लोकांना एक आडनाव शिकवत हिंडलो. दारूच्या गुत्त्यात लोक कागदाच्या रुमालावर गिरवायचे. साउनाच्या वाफाळलेल्या काचेवर बोटाने लिहायचे. चौथीतल्या पोरांनी आपल्या बापांच्या परीक्षा घेतल्या आणि बाप नापास झाले. लेम्पी सगळ्यांना एकच सांगायची की जमेल तसं लिहा, पण लिहा. ट्रेगिअरच्या फलकांवर नुसतं "ट्रेगिअर. सोपं आहे." एवढंच असायचं. मला तर त्या फलकांवर गाडी घालावीशी वाटायची.

मतदान झालं. छापील ट्रेगिअरला ९,४१८ मतं. रिकाम्या ओळीवर लेम्पीसाठी म्हणून जे काही लिहिलं गेलं होतं ते ९,४६१. म्हणजे त्रेचाळीसने लेम्पी. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, खोटं कशाला बोलू.

दुसऱ्या दिवशी प्रेस्कॉट हजर. म्हणे, अर्जावर जे नाव दिलंय तेच ग्राह्य, अक्षर न अक्षर, टिंब न टिंब.

जिल्ह्याच्या कचेरीत मतमोजणी मंडळासमोर सुनावणी ठेवली. मंडळावर चार माणसं, दोन ट्रेगिअरच्या पक्षाची आणि दोन दुसऱ्या पक्षाची. अध्यक्ष जिनेट बोद्वॅन, ट्रेगिअरच्याच पक्षाची, तोंडावर रेघ उमटू न देणारी बाई. तारीख होती तेरा नोव्हेंबर. पंधराला हरणांची शिकार सुरू होते आणि त्या दिवशी आमच्याकडे शाळासुद्धा बंद असते, तेव्हा निम्मी माणसं नारिंगी जॅकिटं घालूनच बसली होती. ट्रेगिअर पहिल्या रांगेत, पायावर पाय टाकून.

प्रेस्कॉट एकेक मतपत्रिका वर धरून वाचायला लागला. जस्केलीन. यस्कलेनन. जास्को. लेम्पी जे. लेम्पी बसवाली. एकावर तर लिहिलं होतं, "लेम्पी जे., बसतो खाली." तिच्या बसमध्ये वाढलेल्या कुणाचं तरी असणार. लोक हसले, आणि तो हसवण्यासाठीच वाचत होता. ज्यांनी आयुष्यात सहीपलीकडे पेन धरलं नाही अशा माणसांनी जीभ बाहेर काढून लिहिलेली अक्षरं होती ती, आणि हा त्यांना नावं ठेवत होता. शेवटी त्याने सांगितलं की जन्मदाखल्याप्रमाणे सहाही टिंबांसकट लिहिलेल्या मतपत्रिका सतरा आहेत.

सतरा. चर्चमधल्या सोळा म्हाताऱ्या आणि मी. माझ्या शहाणपणाने तिचं नऊ हजारांचं मत सतरावर आणलं होतं. जमिनीने पोटात घेतलं असतं तर बरं झालं असतं.

लेम्पी उठली.

"त्या ढिगात माझंही मत आहे," ती म्हणाली. "टिंबांशिवाय. ह्यांची फेकणार असाल तर माझं आधी फेका."

प्रेस्कॉट म्हणाला, म्हणजे उमेदवाराला स्वतःचंच नाव येत नाही असं नोंदवायचं का? ट्रेगिअर मोठ्याने हसला. लेम्पीचे कान लाल झाले. एकदा बर्फात पोरांसकट तिची बस घसरली होती, तेव्हाही मी ते लाल झालेले पाहिले नव्हते.

"नोंदवा," ती म्हणाली. "ज्यांना माझं नाव लिहिता येत नाही त्यांचीच मी आमदार आहे. तुम्हाला कुणाचं व्हायचंय ते तुम्ही बघा."

जिनेटबाईंनी जेवणाची सुट्टी दिली. लोक खाली पॅस्टी, म्हणजे खाणवाल्यांच्या मांस-बटाट्याच्या जाड करंज्या, खायला गेले. मी मात्र गाडीत बसलो आणि सलग वीस मैल हाणली, कारण प्रेस्कॉट वाचत असताना ते 'जस्केलीन' माझ्या कानात अडकलं होतं. टपालवाल्याचा कान असतो. ते नाव मी कुठेतरी वाहून नेलं होतं.

लेम्पी नको असलेले कागद साउना पेटवायला ठेवते. फळीच्या खाली खिळ्याला अडकवलेला गठ्ठा होता. वरची निम्मी रद्दी राख होऊन गेलेली, पण ते पाकीट होतं. मी ते छातीशी धरलं आणि तसाच मागे फिरलो.

सुनावणी परत सुरू झाल्यावर मी हात वर केला. प्रेस्कॉटने विचारलं की हे गृहस्थ कोण. जिनेटबाई म्हणाल्या, "आर्व्हो आहे. त्याला कोण ओळखत नाही?"

मी पाकीट त्याच्यापुढे ठेवलं. "हे तुम्हीच पाठवलंत ना?"

त्याने पाहिलं. कोपऱ्यात त्याच्याच कचेरीचा शिक्का होता. हो म्हणाला.

"नाव वाचा की वरचं."

तो वाचेना. मग जिनेटबाईंनी ते हातात घेऊन वाचलं. लेम्पी जस्केलीन. टिंबं नाहीत, एल्मा नाही, निम्मी अक्षरंही नाहीत.

"कुणाला पाठवलं होतंत?" मी विचारलं.

प्रेस्कॉट म्हणाला की तो टंकलेखनिकेचा दोष आहे, त्याचा इथे संबंध नाही.

"मला पोचलं," लेम्पी म्हणाली. ओरडली नाही, पण मागच्या बाकापर्यंत गेलं. "मी सही करून घेतलं. म्हटलं असतं, ही मी नव्हे, परत न्या. नाही म्हटलं. ह्याच पाकिटाच्या जोरावर तुम्ही माझं नाव मतपत्रिकेवरून काढलंत. मला काढायचं होतं तेव्हा जस्केलीन म्हणजे मीच होते. आता मला ठेवायचंय तर मी कोण?"

मी मग उरलेलं सांगून टाकलं. एकतीस वर्षांत या बाईचं नाव मी चाळीस तऱ्हांनी लिहिलेलं वाचलंय. सरकारी पत्रांवर, बियाण्यांच्या जाहिरातींवर, नातवंडांच्या चिठ्ठ्यांवर. एकही पत्र मी परत पाठवलं नाही. पाठवणाऱ्याच्या मनात कोण आहे ते कळलं की झालं. न कळायला टपालवाला गाढव असावा लागतो.

जिनेटबाईंनी पाकीट मंडळाच्या बाकीच्या तिघांपुढे सरकवलं. मग म्हणाल्या की त्यांच्या नवऱ्याच्या थडग्यावर बोद्वॅनचं बोडेन कोरलंय, आणि तो तिथेच आहे. मत घेतलं. तीन विरुद्ध एक. ट्रेगिअरने पाय खाली घेतला आणि पलीकडच्या दाराने निघून गेला.

त्या शनिवारी साउनात लेम्पीने फळीवर ४३ लिहिलं. मी म्हटलं, पुढे सतराचंही लिही, माझी आठवण राहील. तिने माझ्या डोक्यावर बादलीभर गार पाणी ओतलं.

जानेवारीत शपथविधीला मी तिच्याबरोबर राजधानीला गेलो. पहिल्याच आठवड्यात शाळांचं विधेयक परत मांडायचं घाटत होतं. पक्षाने तिला सगळ्यात मागच्या रांगेतलं बाक दिलं होतं. ती म्हणाली की बसमध्ये सगळ्यात दांडगी पोरं तिथेच बसायची, तेव्हा बरंच झालं. बाकावर नावाची पितळी पाटी अजून लागली नव्हती. एक तरुण कारकून वही उघडून आला आणि फार अदबीने म्हणाला की मॅडम, या नावाची आमच्याकडे पाच स्पेलिंग निघताहेत, त्यातलं नक्की कोणतं बरोबर?

मी जन्मदाखला काढायला खिशात हात घातला. लेम्पीने माझा हात दाबून धरला.

"कुठलंही लिही, बाबा," ती म्हणाली. "पोचतं."