बोलणारा लॅपटॉप

चाकणच्या एका टूलरूममध्ये मिनल चौदा वर्षं डाय डिझाइन करत होती. गाडीला लागणारा पत्र्याचा तुकडा ज्या साच्यात दाबून काढतात, तो साचा म्हणजे डाय. आणि तो लोखंडात उतरण्याआधी मिनलच्या लॅपटॉपवर उतरायचा. तिचे वडील आकुर्डीच्या कारखान्यात पत्रा दाबणाऱ्या प्रेसवर उभे राहूनच निवृत्त झाले. साचा आखणारा माणूस वेगळा असतो, तो बसून काम करतो, असं ते घरी सांगायचे. एकदा ते मिनलचं खिडकीजवळचं टेबल बघायला आले. बसा म्हटलं तरी तिच्या खुर्चीवर बसले नाहीत, नुसता खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभे राहिले.

त्याच मिनलची नजर आता चहूबाजूंनी आत येत चालली होती. डोळ्यांच्या पडद्याचा आजार, औषध नाही, आधी कडा जातात आणि मधलं शेवटी, बऱ्याच वर्षांनी जातं, असं चिंचवडच्या डॉक्टरांनी दोन वर्षांपूर्वीच सांगितलं होतं. हे ठाऊक होतं फक्त नवऱ्याला, प्रितमला, आणि धाकट्या भावाला, धम्मरत्नला. ऑफिसात तिनं कुणाला पत्ता लागू दिला नव्हता. जिना कठड्याला धरून उतरायची, स्क्रीन मान फिरवत फिरवत वाचायची. दिवस लहान झाले की प्रितम गाडी घेऊन गेटवर उभा असायचा आणि दोघं उजेड असेतो तळेगावला घरी पोचायची.

मार्चमधल्या एका रविवारी धम्मरत्न मारुंजीहून आला तो ॲपलचा मॅक लॅपटॉप घेऊनच. तो हिंजवडीत आयटीत होता. त्याच्या कंपनीत एक छोटी टीम होती. ज्यांना दिसत नाही त्यांना एखादं ॲप वापरता येतं की नाही, हे ती तपासायची. त्यातली एक बाई जूनअखेर सोडून जाणार होती. काम घरून करायचं होतं, आणि मिनलचा आजार लपवायचा तर सोडाच, तिथं तो कामाला येणार होता. अट एकच, सगळं काम मॅकवर. पडद्यावर जे असेल ते तो लॅपटॉप मोठ्यानं वाचून दाखवायचा.

मिनलनं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "माझं डिझाइनचं सॉफ्टवेअर यावर चालतं का?"

"नाही चालत, ताई," धम्मरत्न म्हणाला. "पण ते तुला अजून किती दिवस चालवायचंय?"

बोलून गेल्यावर त्याचं त्यालाच वाईट वाटलं. मग तो प्रितमशी ट्रॅफिकबद्दल बोलत बसला आणि जाताना लॅपटॉप पंधरा दिवसांसाठी ठेवून गेला.

मिनल जिद्दीची. सुट्टीच्या दुपारी डोळ्यांना ओढणी बांधून बसायची. आधी तो आवाज इतक्या घाईनं बोलायचा की तिचं डोकं दुखायचं. मग कान सरावले. दुसऱ्या आठवड्यात तिनं न बघता धम्मरत्नला चार ओळींची मेल पाठवली. एवढ्यानं प्रितमच्या जिवात जीव आला. त्यानं मनातल्या मनात घरातल्या खिडकीजवळ तिचं टेबलसुद्धा लावून टाकलं.

शेवटच्या दिवशी तिनं आपलं एक जुनं ड्रॉइंग त्या लॅपटॉपवर उघडलं. अडीच महिने खपून केलेली डाय होती ती, अजूनही रोज चालणारी. ओढणी बांधलेलीच होती. आवाज म्हणाला, "इमेज." आणि गप्प झाला. तिनं पुन्हा बटण दाबलं. पुन्हा तेवढंच.

तिनं भावाला फोन केला. तो म्हणाला, ड्रॉइंग वाचून दाखवणारा लॅपटॉप अजून कुणीच केलेला नाही, ताई, त्यात याचा काही दोष नाही. तिलाही ते पटलं. पण हा लॅपटॉप घ्यायचा तर टूलरूमचा परत करायचा आणि त्याबरोबर डाय आखायचं कामही सोडायचं. जोवर मधलं दिसतंय तोवर मी इथंच, असं तिनं सांगून टाकलं. धम्मरत्ननं जूनपर्यंत दोनदा विचारलं, प्रितमनं त्याहून जास्त वेळा. तिचं उत्तर तेच राहिलं.

जुलैत ती चुकली. गिऱ्हाइकानं एक भोक सहा मिलिमीटर सरकवलं होतं आणि तशी टीप ड्रॉइंगच्या कोपऱ्यात लाल अक्षरांत टाकली होती. मिनलची मान त्या कोपऱ्यापर्यंत वळलीच नाही. प्लेट कापली गेली, भट्टीत कडक होऊन आली, आणि पहिलाच पत्रा दाबला तेव्हा भोक भलतीकडे निघालं. कडक झालेल्या पोलादाचं आता काही करता येत नव्हतं.

टूलरूमचे प्रमुख सदाशिव सर आवाज चढवणारे नव्हते. त्यांनी प्रिंट तिच्यापुढे ठेवून कोपऱ्यावर बोट टेकवलं.

"हे दिसलं नाही?"

"नाही सर. मला दिसत नाही." मग तिनं दोन्ही तळवे चेहऱ्यासमोर धरून दाखवलं, एवढंच दिसतं म्हणून. मधलं अंतर वीतभरसुद्धा नव्हतं.

सर खुर्ची ओढून बसले. म्हणाले, "आधी सांगायचं होतंस, मिनल."

"सांगितलं असतं तर काय केलं असतं, सर?"

ते खोटं बोलले नाहीत. "काम काढूनच घेतलं असतं," म्हणाले.

तिला स्टोअरमध्ये फोन घ्यायला बसवलं. तिच्या टेबलावर आलेली वर्षाली हुशार होती, गोडही होती. कुठली फाइल कुठं आहे हे विचारायला दिवसातून पाच वेळा खाली यायची आणि दरवेळी सॉरी मॅडम म्हणायची. आठव्या दिवशी मिनलनं राजीनामा दिला.

धम्मरत्नकडची जागा जूनमध्येच भरली होती. नवी निघणार नव्हती. उलट ती टीमच राहते की नाही, अशी कुजबुज होती. हे सांगताना तो अडखळत होता.

"तरी लॅपटॉप आण," मिनल म्हणाली.

"त्यावर करणार काय, ताई?"

"माहीत नाही. आण तू."

त्यानं आणला. आता ती सकाळी नऊला त्याच्यापुढे बसते, ऑफिसला बसायची तशीच, वेणीफणी करून. तसल्याच ॲप तपासायच्या कामासाठी तिनं वीसेक ठिकाणी अर्ज केले. तीन ठिकाणांहून उत्तर आलं, तिघांनाही आधीचा अनुभव हवा होता. दरम्यान मधलंही धूसर व्हायला लागलं आहे. डॉक्टरांचा अंदाज चुकला. सुरुवातीला प्रितम रोज विचारायचा, काही आलं का. आता विचारत नाही. तिच्या हाताशी चहा ठेवतो, कप कुठं आहे ते सांगतो आणि कामावर जातो.