रंगाऱ्याचं सीताफळ

शेजारी करवत घेऊनच आला होता. त्याचं टायरचं दुकान होतं, पण साध्या गोष्टीतही चार मुद्दे काढायची सवय असल्यामुळे सगळी गल्ली त्याला वकीलच म्हणायची.

"रंगारी, ऐका माझं. झाड नुसतं फुलतंय. फळाचा पत्ता नाही आणि पाला सगळा माझ्या अंगणात. हातासरशी तोडून टाकू."

रंगारी मागच्या दाराच्या पायरीवर बसला होता. जन्मभर त्याने दुकानांच्या पाट्या रंगवल्या. मग पाट्या छापून येऊ लागल्या आणि पाठोपाठ त्याचा उजवा हात थरथरायला लागला. तेव्हापासून कशातही मत द्यायचं त्याने सोडून दिलं होतं.

"तोडा," तो म्हणाला.

"झाड मी लावलंय," बायको हात पुसत बाहेर आली. "एवढा मोसम जाऊ दे. तोवर ती करवत दिसली, तर इथला चहा बंद."

एवढ्या एका मुद्द्यावर वकील करवत घेऊन परत गेला.

दुसऱ्या दिवशी ती सार्वजनिक बागेतल्या माळ्याला गाठून आली, ती हसतच. "तो म्हणतो, सीताफळाच्या फुलात इथले किडे शिरत नाहीत. पराग आपणच लावायचा. वर मला विचारतो, घरात एखादा ब्रश सापडेल का?"

रंगाऱ्यालाही हसू आलं. पलंगाखाली ब्रशांची अख्खी ट्रंक होती. पण लगेच त्याने उजवा हात समोर धरला. "हात कुठे स्थिर राहतोय माझा?"

"फुलावर नाव लिहायचंय का तुम्हाला?"

उजाडता उजाडता तो झाडाखाली उभा राहिला. पूर्ण उमललेल्या फुलांतला पराग त्याने डबीत झटकून घेतला. मग एका अर्धवट मिटलेल्या फुलाची पाकळी डाव्या हाताने हळूच बाजूला केली आणि ब्रश आत टेकवला. हात थरथरला. ब्रश फुलाच्या आत भिरभिरला आणि पराग सगळीकडे सारखा बसला.

तो थोडा वेळ पाहत राहिला. "अगं," त्याने हाक मारली, "हे काम थरथरत्या हाताचंच आहे."

पाकळ्या गळाल्या, पण देठांशी हिरवे मणी उरले. वकील भिंतीवरून रोज डोकावायचा. "धरलंय खरं. टिकायला पाहिजे." फळं टिकली. त्यांचे डोळे उघडून मधल्या खाचा पिवळसर झाल्या, तशी रंगाऱ्याने ती उतरवली आणि पोत्याखाली पिकत घातली. पहिली बशी वकिलाकडे गेली.

"बिया फार आहेत," वकील म्हणाला आणि दुसरं फळ उचललं. उरलेला गर बायकोने गार दुधात कालवला. तोही त्यानेच संपवला.

पुढच्या मोसमात मागच्या गल्लीतली नर्स दारात आली. "फुलांना ब्रश लावतात ते इथेच राहतात का? आमची दोन झाडं नुसतीच फुलतात."

रंगाऱ्याने दाढी केली, इस्त्रीचा शर्ट घातला, ब्रश आणि डबी खिशात टाकली.

"जेवायला याल ना?" बायकोने विचारलं.

"कामावर निघालोय," तो म्हणाला. "उशीर होईल."

"बरं," ती म्हणाली आणि त्याचं ताट वाढून झाकून ठेवलं.