एक हार कमी पडला

मी एक जुना माईक आहे. मित्रांनो, दौंडच्या नवनाथमामांच्या लेकीचं, करिश्माचं, ज्या वर्षी बारसं झालं, त्याच वर्षी मामांनी मला बुद्धविहारासाठी विकत आणलं. करिश्मा आता शिक्षिका आहे, यावरून माझं वय ओळखा.

चकचकीत जाळी, लांब वायर, असा माझा थाट होता. माझ्यावरून वंदना झाली, लग्नं लागली, पंगतीत भात कुठे पोचला नाही तेही मीच सांगितलं. लोकांना मात्र एक खोड. बोलण्याआधी जो तो माझ्या डोक्यावर टिचक्या मारी, नाहीतर तोंडावर फुंकर घाली. पण मला घाबरणारं माणूस मी एकच पाहिलं. त्या शेवंताबाई.

शेवंताबाई माळ्याच्या. पती तात्याबांबरोबर फुलांचा मळा करायच्या, हार विकायच्या. बोलताना त्यांचं पहिलं अक्षरच ओठांवर अडून बसे. गिऱ्हाईक हसे, नाहीतर त्यांचं वाक्य स्वतःच पुरं करून टाकी. म्हणून त्या भाव बोटांनी सांगत. साठी उलटल्यावर त्या करिश्माच्या साक्षरता वर्गाला विहारात येऊ लागल्या. विहारात कशाला, म्हणून भावकीनं नाक मुरडलं. तात्याबा कुणाशी वाद घालत बसले नाहीत. रोज संध्याकाळी स्वतः त्यांना सोडायला येऊ लागले.

पावसाळ्यात, वर्षावासाच्या दिवसांत, करिश्मानं एक गोष्ट वाचली. एक माणूस बुद्धांना शिव्या देतो. बुद्ध शांतपणे विचारतात, पाहुण्यापुढे ठेवलेलं त्यानं घेतलंच नाही, तर ते कुणाकडे राहतं? शेवंताबाई हळूच म्हणाल्या, "हा... हाराचंबी तसंच हाय की. कुणी घेतला न्हाई, तर तो माळणीकडंच ऱ्हातो."

त्या दिवसापासून त्या करिश्माकडून श्वासाकडे लक्ष देत बसायला शिकू लागल्या. मळ्यात फुलं तोडताना ओळी जुळवू लागल्या. चालीवर म्हटलं की अक्षर अडत नाही, हे त्यांना तिथेच उमगलं. आपली कविता वैशाख पौर्णिमेला, बुद्धजयंतीला, माईकवर, सगळ्यांसमोर म्हणायची, एवढी एकच इच्छा त्यांनी धरली. करिश्मानं यादीत नाव घातलं.

पौर्णिमेला मंडप भरला. सत्कार मात्र संपेनात. शिरूरहून आलेले प्रमुख पाहुणे सर्जेराव पाऊण तास बोलले. शेवटी नवनाथमामांनी जाहीर केलं, की वेळ झाला आहे, कविता पुढच्या वर्षी. खाली बसलेल्या शेवंताबाईंनी वही मिटली.

तेवढ्यात कळलं, की सर्जेरावांच्या सोबत्यासाठी एक हार कमी पडला आहे. शेवंताबाईंना हार घेऊन वर बोलावलं. "घ... घ्या," म्हणत त्यांनी तो दिला. सर्जेराव माझ्याजवळ वाकून हसले, "मावशी, उतरा आता. तुमची गाडी पहिल्याच फाटकाला अडायची."

मंडप हसला. शेवंताबाई उतरल्या नाहीत. त्यांनी माझा दांडा धरला. "हि... हि..." चारही कर्ण्यांतून तेवढंच बाहेर पडलं. त्यांनी तोंड मिटलं. सावकाश श्वास घेतला, सावकाश सोडला. तो श्वास सगळ्या मंडपानं ऐकला. मग त्यांनी चाल धरली:

हिणवल्या शब्दांचा, गुंफून आणला हार,
मान मी वाकवेना, ज्याचा त्याला तो भार.
आत येतो श्वास, बाहेर जातो श्वास,
दोहोंच्या मधे बाई, माझा मला विश्वास.

एकही अक्षर अडलं नाही. आधी मागच्या बाया उठल्या, मग सारा मंडप. तात्याबा टोपीनं डोळे पुसत होते. सर्जेराव खुर्ची सोडून खाली सतरंजीवर जाऊन बसले. म्हणाले, "चुकलो, ताई. म्होरची कविता म्हणा. आमी बसतो."

त्यांनी आणखी तीन म्हटल्या. त्यानंतर दर पौर्णिमेला म्हटल्या, सहा वर्षं.

आता विहारात बिनवायरचा माईक आला आहे आणि मी करिश्माच्या कपाटात असतो. मित्रांनो, माझ्या जातभाईंवर टिचक्या मारू नका. आणि बोलताना कुणी अडलं, तर त्याचं वाक्य तुम्ही पुरं करू नका. थांबा.

शेवंताबाई यंदाच्या माघी पौर्णिमेला कविता म्हणून घरी गेल्या आणि दुसऱ्या दिवशी सकाळी वारल्या. त्यांचं वय एकाहत्तर होतं.