उलट्या दात्यांचा विळा

नव्व्याण्णव सालची गोष्ट. हिंजवडीत कंपन्या यायला लागल्या आणि आमच्या धायरीत गोठा पाडून कॉम्प्युटरचा क्लास निघाला. माझी नात उत्कर्षा, नऊ वर्षांची, हौसेनं जायची. आठव्या दिवशी घरी आली ती डावा हात फ्रॉकमागं लपवून. बघते तर बोटांवर पट्टीचे वळ!

"आज्जी, माऊस उजवीकडं बांधलाय. माझा हात डावा. सर म्हणाले, हात बदल नाहीतर क्लास सोड. मला नाही गं सोडायचा."

माझं डोकंच फिरलं. माझाही हात डावाच. लहानपणी जेवायला बसले की आत्या तो पाठीमागं बांधायची. वडील मात्र एक दिवस लोहाराकडं गेले आणि मला डाव्या हाताचा विळा करून आणला, उलट्या दात्यांचा. तोच पिशवीत टाकला आणि पोरीला घेऊन निघाले.

क्लासात दहा कॉम्प्युटर. पोरं ओढाओढी करतात म्हणून दहाही माऊस टेबलाच्या उजव्या पायाला सुतळीनं जखडलेले. शिकवणारे शुभंकर सर पुण्याच्या पेठेतले.

"आजी, चपला बाहेर काढाव्यात. जमल्यास आपणही बाहेरच बसावं."

"बसते की. आधी सांगा, पोरीला का मारलंत?"

"मारलं नाही, वळण लावलं. अहो, दहातली नऊ माणसं उजवी. लाखो वर्षांत माणूस तसा घडलाय."

"आणि दहावं काय पट्टी खायला घडलंय? कसा घडला ते मी सांगते. आधी सगळे दोन्ही हातांनी कापायचे. मग जगातल्या पहिल्या लोहाराचा डावा हात मुठा नदीतल्या सुसरीनं खाल्ला. तो ठोकणार कसले विळे? उजवेच! पोरं बघून बघून तसंच शिकली. ज्याला जमेना, त्याचा हात वाईट ठरला. लोहाराला कोण बोलणार? विळे त्याच्याकडूनच आणायचे होते ना!"

पोरं खुर्च्या फिरवून ऐकत होती.

"थापा आहेत," सर म्हणाले.

"असतील. मग हा विळा घ्या आणि पोरीच्या माऊसची ही सुतळी कापा बघू."

सरांनी उजव्या हातात विळा धरला. ओढला, घासला. सुतळीचे दोन धागे सुटले आणि विळा सटकून टेबलावर आपटला. पोरं फिदीफिदी हसली.

"बोथट आहे हा."

"हो का?" मी डाव्या हातात घेतला. एकच ओढ. माऊस मोकळा.

उत्कर्षानं तो डावीकडं ओढून घेतला आणि माझ्याकडं न बघता कामाला लागली. मान ताठ.

"सुतळी संस्थेची होती," सर म्हणाले आणि इकडंतिकडं पट्टी शोधायला लागले. टेबलाखाली वाकले, खण उघडले.

पट्टी केव्हाच माझ्या पिशवीत गेली होती. अजून आहे घरात, विळ्याशेजारी.