खरं बोंड

“हे धर बरं,” म्हणत रुपालीने टॅब लेकीच्या हातात दिला आणि लगेच काढूनही घेतला. “नाही, थांब. आधी तो टीव्ही पाहू.”

वणीच्या त्या दुकानात तिच्या पायाला भिंगरी लागली होती. टॅबपासून टीव्हीपर्यंत, टीव्हीपासून पुन्हा टॅबपर्यंत. दुकानदार पूनमसिंग बिचारा खोकी उघडून उघडून थकला होता. साथीमुळे शाळा बंद झाली, वर्ग मोबाईलवर आले आणि उर्वशीचं डोकं रोज दुखू लागलं. यवतमाळच्या डॉक्टरांनी सांगितलं, जवळचं पाहताना पोरीचे दोन डोळे जुळत नाहीत, एकाचे दोन दिसू शकतात. व्यायाम करून घ्या, मोबाईल नाकाशी धरू देऊ नका. नवऱ्याचं म्हणणं, टॅब घे, पोरगी कुठंही बसून शिकेल. रुपालीला मात्र धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं असं झालं होतं. चुकीची वस्तू घेतली तर लेकीचे डोळे आपल्याच हाताने बिघडतील, ही भीती मनातून जाईना.

सोबत सासू होती, पंचफुला. एरवी या दिवसांत ती कापूस वेचायला जायची. यंदा बोंडअळीने वेचायला काही ठेवलंच नव्हतं.

“उर्वशी, अक्षर एक दिसते का दोन?” रुपालीने टॅब पुढे धरला.

“एक.”

“अन् आता?” टॅब आणखी जवळ आला.

“एकच.”

“मंग झालं ना ताई,” पूनमसिंग म्हणाला. “टॅबच न्या.”

रुपालीचा जीव भांड्यात पडणार, इतक्यात तिचं लक्ष गेलं. पोरीने मान तिरकी करून डावा डोळा अलगद मिटला होता.

“डोळा काहून मिटला?”

उर्वशीने आजीकडे पाहिलं.

“तिच्यावर कायले चिडून राह्यली?” पंचफुला म्हणाली. “मीच शिकवलं तिले. बोंडापाशी हात नेला का दोन बोंडं दिसते. एक डोळा मिटला का खरं सापडते. जवळचं तं सगळ्याइलेच दोन दिसते.”

रुपाली आणि पूनमसिंग तिच्याकडे पाहू लागले. पंचफुलाने एकेकाच्या तोंडाकडे पाहिलं.

“तुले नाही दिसत?”

बोंडांनी ओरबाडलेलं आपलं बोट तिने सुनेच्या डोळ्यांसमोर धरलं आणि जवळ आणलं.

“आता?”

“एकच, आई.”

“अन् आता?”

‘दोन’ म्हणून टाकावं, असं रुपालीला फार वाटलं. या बाईने उभा जन्म एका डोळ्याने कापूस वेचला आणि ते कुणाच्याच ध्यानात आलं नाही, आपल्याही नाही, याचं तिला वाईट वाटलं. पण उर्वशी टक लावून तिच्याकडे पाहत होती.

“एकच,” ती म्हणाली.

बोट खाली आलं. पंचफुला त्या बोटाकडेच पाहत राहिली.

“आई,” उर्वशी हळूच म्हणाली, “मले दोन दिसते. टॅबातबी अन् मोबाईलातबी.”

रुपालीने तिच्या डोक्यावरून हात फिरवला आणि टॅब पूनमसिंगला परत दिला.

“मोबाईलचा वर्ग टीव्हीवर दिसते ना, भाऊ? लावून दाखवा.”

पूनमसिंगने टीव्ही लावला. पंचफुलाने नातीचा हात धरला आणि ती मागे सरकू लागली. काउंटरपासून खुर्च्यांपर्यंत, खुर्च्यांपासून थेट दुकानाच्या दारापर्यंत. तिथे थांबून तिने उर्वशीच्या चेहऱ्याकडे वाकून पाहिलं.

“दोन्ही डोळे उघडे ठेव.”

मग सुनेकडे वळून ती म्हणाली,

“इथून आमा दोघीलेबी एकच दिसते.”